जग जिंका, वारस नेमू नका

जग जिंकायचा बेत असेल तर घोडा, तलवार, नकाशे सगळं बरोबर घ्या, पण वारसाचा विषय कुणी काढला की उठून जा. या शास्त्रातले आपले गुरू म्हणजे मॅसिडोनियाचे सिकंदर.

पहिला धडा घरातला. इ.स.पू. ३३४ मध्ये स्वारी आशियाकडे निघाली तेव्हा अँटिपेटर आणि पार्मेनियन या दोन मुरलेल्या म्हाताऱ्यांनी सुचवलं होतं की आधी लग्न करा, मूल होऊ द्या, मग निघा. लग्नाचं नाव काढल्यावर तरणी पोरं जे करतात तेच महाराजांनी केलं. कामाचं कारण सांगितलं आणि सटकले. पुढे स्वतःच्या नावाची शहरं वसवली, मेलेल्या घोड्याच्या नावानेही झेलमकाठी एक वसवलं. तुम्हीही घोड्याची सोय आधी बघा.

मरणही रीतसर अर्धवट हवं. जून ३२३, बॅबिलोन, वय ३२, ताप उतरेना. राजमुद्रेची अंगठी सेनापती पर्डिकसच्या हातात दिली. राज्य कुणाला, असं विचारल्यावर 'जो सर्वांत समर्थ त्याला' असं म्हणाले, असं जुने इतिहासकार लिहितात. अंथरुणाभोवती सगळे सेनापती. हे वर्णन आपलं नव्हे असं त्यातल्या एकालाही वाटलं नसावं!

मग व्हायचं ते झालं. पुढे मोहिमेवर लग्न केलेली राणी रोक्साना गरोदर होती. घोडदळ म्हणे बाळाची वाट पाहू, पायदळ म्हणे सावत्र भाऊ अरिडियस आहे की. तो मनाने अधू होता, पण हाताशी होता. शेवटी दोघेही राजे झाले, एक अजाण आणि एक पाळण्यातला. अशा राजांच्या हाताखाली काम करायला कुठल्या सेनापतीला आवडणार नाही?

प्रेताचीही वाटणी होऊ द्या. शवरथ बांधायला दोन वर्षं गेली. ६४ खेचरांनी ओढायचा तो सोन्याचा डोलारा वाटेतच इजिप्त वाट्याला आलेल्या सेनापती टॉलेमीने गाठला आणि थेट इजिप्तला नेला. चिडलेला पर्डिकस मागोमाग गेला. नाईल ओलांडताना त्याची माणसं बुडाली, मगरींच्या तोंडी गेली, आणि उरलेल्यांतल्या सरदारांनी त्यालाच तंबूत मारलं. अंगठी सांभाळणाऱ्याची ही कथा, तर पाळण्यातल्याचं काय व्हायचं?

ते मात्र कायदेशीर झालं. ३११ च्या तहात सेनापतींनी लिहून ठेवलं की रोक्सानाचा मुलगा वयात येईपर्यंत युरोपचा कारभार कॅसँडरने पाहावा. कॅसँडरने कलम बारकाईने वाचलं असावं. लवकरच मायलेकांना गुपचूप मारण्यात आलं. मुलगा वयात आलाच नाही, त्यामुळे मुदत काही संपली नाही.

हा कॅसँडर अँटिपेटरचा मुलगा. लग्न करा म्हणून सांगणाऱ्या त्याच म्हाताऱ्याचा.