सवलत द्या, पण आधी आकडे मागून घ्या

अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा किंवा युरोपीय संघ यांपैकी कुठेही मंजूर झालेल्या काही गटांतील नव्या औषधांना भारतात पुन्हा चाचणी घेण्यापासून सूट देणारा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी ऑगस्ट २०२४ मध्ये काढला. प्रचलित उपचारांहून लक्षणीय सरस ठरलेली औषधे या सवलतीत बसतात, म्हणजे कर्करोगावरची बरीच नवी औषधे तिच्या कक्षेत येणार हे उघड आहे. रुग्णाने आणखी किती वर्षे वाट पाहायची, असा एका बाजूचा सवाल. आपल्या लोकांवर पुरेसे न तपासलेले औषध त्यांना द्यायचे कसे, असा दुसरीचा. ऑस्ट्रेलियात औषधनिर्माणशास्त्र शिकवताना आणि कर्करोग-चाचण्यांच्या पारदर्शकतेचा अभ्यास करताना मला या वादातून एक कळीचा प्रश्न निसटलेला दिसतो: ज्या परदेशी चाचणीवर आपण विसंबणार, तिची मूळ माहिती तपासायला मिळते कोणाला?

इथे परदेशातही सारे आलबेल नाही. अ‍ॅडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, अमेरिकेत दहा वर्षांत मंजूर झालेल्या कर्करोग-औषधांमागच्या ३०४ कंपनी-पुरस्कृत चाचण्यांपैकी अवघ्या १३६ चाचण्यांची रुग्णनिहाय माहिती बाहेरच्या संशोधकांना मागता येण्याजोगी होती. उरलेल्यांबाबत सर्वाधिक वेळा पुढे आलेले कारण म्हणजे रुग्णांचा पाठपुरावा अजून चालू आहे. औषध विकण्याइतका पुरावा पक्का, पण दाखवण्याइतका नाही, असा हा अजब न्याय!

माहिती पाहण्याची परवानगी मिळाली तरी आधी प्रस्ताव, मग विश्लेषणाचा आराखडा, मग दोन्हीकडच्या वकिलांनी घासून घेतलेला करार, आणि शेवटी जिथून एक ओळही उतरवून घेता येत नाही असा सुरक्षित सर्व्हर. ओळख लपवण्यासाठी तिथे जन्मतारखेच्या जागी अनेकदा वयोगट येतो आणि देशाच्या जागी नुसते ‘आशिया’ उरते. भारतीय रुग्णाने दिलेला पुरावा जपानी रुग्णाच्या पुराव्यात मिसळून जातो, आणि मायदेशी ज्यावरून रण माजले आहे तोच प्रश्न त्या तक्त्यातून सोडवता येत नाही. रुग्णाची ओळख जपलीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण नियामकाला देशनिहाय आकडे मागण्यास त्याची आडकाठी नसावी.

भारतात चाचण्यांची सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीवर नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे, हे श्रेय द्यायलाच हवे. मात्र नोंदणी ही चाचणी सुरू होत असल्याची वर्दी असते. तिच्या निष्कर्षांची फेरतपासणी करायची तर रुग्णनिहाय माहिती लागते. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी डोके व मानेच्या कर्करोगात निव्होलुमॅब हे रोगप्रतिकारशक्तीला चेतवणारे औषध दर तीन आठवड्यांना अवघे २० मिलिग्रॅम देऊनही आयुर्मान वाढल्याचे दाखवले. कमी मात्रेत भागेल का, हे विचारण्यात विक्रेत्याला रस असण्याचे कारण नाही. ते विचारणाऱ्यांच्या हाती आधीच्या चाचण्यांची माहिती हवी.

म्हणून मी सवलतीच्या विरोधात नाही. अर्जासोबतच संपूर्ण चाचणी-अहवाल जाहीर करणे, भारतीय रुग्ण सहभागी असतील तर त्यांचे वेगळे तक्ते देणे आणि मंजुरीच्या दिवसापासून रुग्णनिहाय माहिती संशोधकांना खुली ठेवणे, या अटी त्या सवलतीला जोडाव्यात. कंपनीला आपली गरज असते ती अर्ज करतानाच. परवाना पदरात पडल्यावर माहिती मागणाऱ्या प्राध्यापकाला कशी उत्तरे येतात, ते माझी टपालपेटी सांगेल.