ब्लेंड म्हणजे भेसळ? शातो पाल्मेरच्या उदाहरणावरून एक प्रतिवाद

वाइनबद्दलचा एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे: "अस्सल वाइन एकाच जातीच्या द्राक्षाची. ब्लेंड (अनेक जातींच्या वाइनचं मिश्रण) म्हणजे उरल्यासुरल्या वाइनची भेसळ, खराब माल त्यात लपवतात. फॉर्म्युला ठरलेला, म्हणून चव दरवर्षी तीच." यातला एकेक दावा तपासू. उदाहरणाला फ्रान्समधल्या बोर्दोच्या मार्गो भागातलं शातो पाल्मेर (शातो म्हणजे वाइन बनवणारा मळा) घेऊ. बोर्दोच्या वाइन-मळ्यांच्या १८५५च्या वर्गवारीत ते तिसऱ्या श्रेणीत आहे.

"उरल्यासुरल्या वाइनची"

पाल्मेरच्या सुमारे ६६ हेक्टर मळ्यात मर्लो आणि काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षजाती जवळपास निम्मेनिम्म आहेत, शिवाय पती वर्दो ही जात थोडी. म्हणजे मिश्रणाचा निर्णय वेल लावतानाच झालेला असतो. मर्लो लवकर फुलतो आणि काबर्नेच्या आठवडा-दहा दिवस आधी पिकतो. फुलोऱ्यात थंडी-पाऊस आला तर मर्लोची फळधारणा बिघडते, सप्टेंबरअखेर पाऊस लागला तर काबर्ने अडकतो. १९८४ साली बोर्दोभर मर्लोची फळधारणा फसली आणि त्या वर्षाची भिस्त काबर्नेवर आली. चवीतही वाटणी आहे: मर्लोकडून मांसलपणा, काबर्नेकडून टॅनिन (तुरटपणा देणारा घटक) आणि आम्लता. पती वर्दोचा रंग गडद, पण ती उशिरा पिकते. कच्ची राहिली तर मिश्रणात पाच टक्केही हिरवट लागते.

"खराब माल लपवतात"

लपवता आला असता तर काम फार सोपं झालं असतं. मळ्याच्या प्रत्येक तुकड्याची द्राक्षं शक्यतो वेगळ्या टाकीत आंबवतात. मॅलोलॅक्टिक किण्वन (जिवाणू तीव्र मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात ती प्रक्रिया) संपलं की हिवाळ्यात नमुने काढतात. १०० मिलिलिटरच्या मोजपात्रात मिश्रणं करतात, म्हणजे १ मिलिलिटर बरोबर १ टक्का. चोथा दाबून काढलेली वाइन (प्रेस वाइन) ३ टक्के घालायची की ५, एवढ्यावर पुन्हा पुन्हा चव घेतली जाते. पेल्यांवर नावं नसतात, नाहीतर आवडत्या तुकड्याकडे जीभ झुकते.

आता दोषी टाकी मिसळली तर काय होतं ते पाहा. ब्रेटानोमायसिस हे यीस्ट जिवंत असतं. उरलेली थोडी साखर मिळाली की ते निरोगी वाइनमध्येही वाढतं आणि तबेल्यासारखा वास अख्ख्या साठ्याला लागतो. बुरशीमुळे तयार होणारं कुबट वासाचं रसायन, टीसीए, लिटरला काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं, पातळ करून ते सहजी सुटत नाही. मॅलिक आम्ल शिल्लक असलेली टाकी चुकून मिसळली, तर किण्वन बाटलीत पूर्ण होऊन वाइन गढूळ आणि फसफसती होऊ शकते. दाव्याच्या बाजूने एकच गोष्ट खरी आहे: अॅसेटिक आम्लाचं (व्हिनेगरच्या आंबटपणाचं) प्रमाण मिसळल्यावर सरासरीने खाली येतं. पण ते तयार करणारे जिवाणूही सोबत जातात, आणि पिंपात हवेची पोकळी राहिली की पुन्हा कामाला लागतात.

"फॉर्म्युला ठरलेला"

नाही. टक्के दरवर्षी नव्याने ठरतात. २०१८ला मळ्यावर डाउनी मिल्ड्यू (आपल्याकडचा केवडा) आला, उत्पादन हेक्टरी ११ हेक्टोलिटरवर (११०० लिटरवर) घसरलं आणि शातोची दुसरी लाल वाइन, 'आल्तेर एगो', त्या वर्षी झालीच नाही.

"अस्सल म्हणजे एकाच जातीची"

युरोपीय नियमांनुसार लेबलवर एकाच जातीचं नाव लिहायला ती ८५ टक्के असली तरी चालते. म्हणजे 'मर्लो' लिहिलेल्या बाटलीत १५ टक्के दुसरं काही असू शकतं. बोर्दोच्याच पोमरोल भागातलं नामांकित पेत्रूस जवळजवळ निव्वळ मर्लो आहे हे खरं. पण त्याचं कारण तिथली चिकणमाती आहे, शुद्धतेचा आग्रह नव्हे.

"भेसळ"

भेसळीत लपवाछपवी लागते. एकोणिसाव्या शतकात बोर्दोचे व्यापारी आपल्या वाइनमध्ये ऱ्होन खोऱ्यातली एर्मिताजची वाइन घालत, आणि अशा वाइनला गिऱ्हाईक जास्त दाम मोजत असे. त्याच रिवाजाची आठवण म्हणून पाल्मेरने २००४पासून काही वर्षी उत्तर ऱ्होनची सिरा (तिथली द्राक्षजात) मिसळलेली वाइन काढली. तिच्यात मुख्य भाग पाल्मेरच्याच मळ्याचा असतो. तरीही त्या बाटलीवर 'मार्गो' हे अपेलासियों (वाइन कुठली ते सांगणारं संरक्षित नाव) छापायला कायद्याने परवानगी नाही.