बायांच्या दुखण्यात कायचा स्त्रीवाद?

आमच्या घरच्या ग्रुपवर मोठेबाबांनी लिहिलं, "बायांच्या दुखण्यात कायचा स्त्रीवाद? डॉक्टर द्या, गोळ्या द्या, झालं." कारण, आरमोरीच्या चुलतभावाच्या मुलीला बायांचं आरोग्य आणि लिंगभाव या विषयात एमए करायचंय. खाली धडाधड अंगठे. वर "हे परदेशातलं फॅड" असा टोला. तो मला, इंग्लंडात राहणारीला होता, ते सांगायला नको.

परदेशातलं? 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात बायांच्या दुखण्यांवरचा एक अभ्यास छापून आला, तो आरमोरी ज्या जिल्ह्यात आहे त्या गडचिरोलीचा होता. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या 650 बाया तपासल्या. 92 टक्के जणींना स्त्रीरोग नाहीतर लैंगिक आजार, एकेकीला सरासरी तीनहून जास्त. त्याआधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. आणि जवळपास निम्म्यांनी तर काही तक्रारच सांगितली नव्हती! मग गोळ्या कोणाला देता, मोठेबाबा? अंगावरून पांढरं जाणं बाईच्या जन्मालाच पुजलेलं, असं धरून चालणाऱ्या घरात ती दवाखान्याचे पैसे मागणार कोणाजवळ? त्या काळी सरकारला बाई दिसायची ती बाळंतपणात आणि नसबंदीच्या टार्गेटमध्ये. मूल न होणारी, पाळी गेलेली, लग्न न झालेली कोणाच्या रजिस्टरात होती? हे विचारणं म्हणजेच तो तुमचा 'कायचा स्त्रीवाद'.

इथे लीड्सला पंचविशी आली की गर्भाशयमुखाच्या तपासणीचं बोलावणं आपसूक येतं. नवऱ्याला विचारावं लागत नाही. हे मी ग्रुपवर ऐटीत टाकलं. माझ्या ऑफिसातली इथलीच मैत्रीण पाळीच्या दुखण्यासाठी जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, वर्षानुवर्षं "स्ट्रेस असेल" एवढंच ऐकत राहिली, ते मात्र गाळलं. मोठेबाबांच्या हाती आयतं कोलीत कशाला?

ते "आपल्या बाया" म्हणतात तेव्हा त्यात मी नसते. वाईट वाटतं. पण पांढऱ्या पाण्यावर मी चारचौघांत लिहू शकते, तेही गावात राहत नाही म्हणूनच. उद्या मला कोणाच्या घरी चहाला जायचं नाही.

ग्रुपवरची एकही बाई त्या भांडणात बोलली नाही. रात्री एकीचा वेगळा व्हॉइस मेसेज आला: "माले बी हाये, लय दिसापासून. कोनाले दाखवू?"

लॅन्सेटचे आकडे मला तोंडपाठ. आरमोरीच्या आसपासची एक बाई डॉक्टर मला सांगता येईना. शेवटी त्या एमएवालीलाच विचारलं. तिनं दोघींची नावं दिली, त्यातली एक कोणत्या वारी बसते तेही, आणि म्हणाली, "आत्या, सोबत मीच जातो."