वॉकीटॉकी विकत घेतला म्हणजे हॅम (हौशी रेडिओ ऑपरेटर) झालात, असं नाही
‘पुरात मोबाइल बंद पडले तर ऑनलाइन वॉकीटॉकी घ्या, हॅम क्लबशी थेट बोला, परवाना लागत नाही’ हा फिरणारा मेसेज चुकीचा आहे. विनापरवाना मुभा आहे ती 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झवर, तीही अर्ध्या वॉटपर्यंत. हॅमचा 144 ते 146 मेगाहर्ट्झचा पट्टा परवानाधारकांचाच. या परवान्याची परीक्षा वयाच्या 12व्या वर्षापासून देता येते. रिस्ट्रिक्टेड ग्रेड या खालच्या पातळीच्या परवान्याला तर मोर्सही (टिंब-रेषांची सांकेतिक लिपी) नाही!

शिवाय नुसत्या सेटने रिपीटर (संदेश पकडून पुढे लांबवर पाठवणारं केंद्र) उघडत नाही. ऐकायची फ्रिक्वेन्सी एक, बोलायची बहुधा 600 किलोहर्ट्झ खाली, वर अनेकदा टोनही (रिपीटर उघडणारा ठराविक सूर) लागतो. आणि खिशातल्या सेटचं बटण दाबलेलं राहिलं, की अख्खा चॅनल अडतो.

निरोप पाठवायचा असेल तर हॅम ऑपरेटरकडे नाव, ठिकाण, माणसं किती, हे कागदावर लिहून द्या.