डोळे झाकून २२० एएचची बॅटरी घेण्याआधी, लाइन राहते किती तास ते बघा

उन्हाळा लागला की आमच्या यवतमाळकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज तणासारखा उगवतो. मजकूर साधारण असा: "इन्व्हर्टर घेताय? डोळे झाकून ९०० व्हीए आणि १५० एएच घ्या. चार पंखे, सहा लाइट, टीव्ही, कूलर आठ तास आरामात. जमलं तर २२० घ्या, बॅटरी जितकी मोठी तितकी जास्त वर्षं टिकते. पुढे कमी पडली तर आणखी एक जोडता येते." (व्हीए म्हणजे इन्व्हर्टर किती लोड उचलतो ते, आणि एएच, म्हणजे अँपिअर-तास, हे बॅटरीत किती साठतं ते.) यात खरं अगदीच नाही असं नाही, पण त्यावर विसंबून बॅटरी घेऊन पस्तावलेली घरं मी पाहिली आहेत.

आधी ते आठ तास. जुना छताचा पंखा ७५ वॅट खातो, म्हणजे चार पंख्यांचे ३००. नऊ-नऊ वॅटचे सहा एलईडी ५४, टीव्ही ५०, आणि आपला टिनाचा कूलर मोटर-पंपासकट १८० धरा. झाले ५८४. आता १५० एएच गुणिले १२ व्होल्ट, म्हणजे १८०० वॅट-तास. भागून बघा, कागदावरच तीन तास येतात. त्यात बॅटरीतून निघालेल्या विजेपैकी पाचवा हिस्सा इन्व्हर्टरमध्येच जातो. दोन तास चालला तरी नशीब.

आणि तो १५० चा आकडाही सरसकट खरा नसतो. लेबलवर बारीक अक्षरात सी-२० लिहिलेलं असतं. म्हणजे ही बॅटरी वीस तासांत हळूहळू रिकामी केली, साडेसात अँपिअरने, तरच १५० मिळतील. साडेसात अँपिअर म्हणजे ९० वॅट, इन्व्हर्टरची तूट धरली तर जेमतेम एक जुना पंखा. मेसेजवाला लोड बॅटरीतून साठेक अँपिअर ओढतो, आणि एवढ्या जोरात ओढलं की तीच बॅटरी १५० च्या खूप आधी मान टाकते.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते "जितकी मोठी तितकी जास्त टिकते". रोज पूर्ण चार्ज होत असेल तर हे खरं आहे, कारण मोठी बॅटरी कमी खोल उपसली जाते. पण ती पूर्ण चार्ज होते का? माझ्या मोठ्या चुलतभावाने हाच मेसेज वाचून २२० ची घेतली. चार महिन्यांत दोन तासांवर आली. दिवेलागणीला त्याच्याकडे गेलो तर लाइन होती, सपरीतला बल्ब मिणमिणत होता, आणि इन्व्हर्टर मात्र बॅटरीवर चालू. "लाइन तं हाये ना रे!" तो म्हणाला. मल्टिमीटर लावला, १६५ व्होल्ट. शेतातल्या मोटरी सुरू होत्या, आणि त्यांच्या वस्तीवर गावठाणाची आणि शेतीची लाइन अजून वेगळी झालेली नाही. इन्व्हर्टरच्या मागचं बटण यूपीएसवर होतं. त्या मोडमध्ये साधारण १८० च्या खाली व्होल्टेज गेलं की इन्व्हर्टर लाइन गेली असंच समजतो. म्हणजे लाइन असताना बॅटरी भरायची सोडून रिकामी होत होती. बटण दुसऱ्या बाजूला, कमी व्होल्टेजही चालवून घेणाऱ्या वाइड मोडवर केलं, निम्मं दुखणं तिथेच गेलं. (त्या मोडमध्ये लाइन जाताना कॉम्प्युटर एखादवेळी रीस्टार्ट होतो, पंख्याला काही फरक पडत नाही.)

राहिलेलं निम्मं दुखणं चार्जरचं. त्याचा इन्व्हर्टर बारा अँपिअरने चार्ज करतो. रात्री १३० एएच उपसले तर वाया जाणारे धरून दीडशेच्या वर परत भरावे लागतात, म्हणजे तेरा तास, आणि शेवटी करंट उतरत जातो म्हणून आणखी थोडे. तेही चांगल्या व्होल्टेजचे. अर्धवट भरून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेट कडक बसतं, आणि तेवढी प्लेट कामातून जाते. दिवसातून आठ-नऊ तासच धड लाइन मिळत असेल तर २२० पेक्षा १५० ची भरलेली बॅटरी बरी.

मग किती घ्यायची? रात्रीचं काय चालू ठेवायचं तेवढंच मोजा. दोन जुने पंखे, तीन एलईडी, राउटर मिळून १८७ वॅट. सहा तासांचे ११२२, इन्व्हर्टरची तूट धरून १४००, आणि बॅटरी तळापर्यंत खरवडायची नाही म्हणून शेवटचा ४० टक्के भाग सोडायचा, तर गरज १९५ एएचची. तेच पंखे ३० वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे लावले की लोड ९७ वर येतो आणि गरज शंभराच्या आसपास. १५० मध्ये दोन-तीन वर्षांनी होणाऱ्या घसरणीचीही सोय झाली. आधी पंखे बदला, मग बॅटरीच्या दुकानात जा. कूलरला मात्र माफ करा, आणि विहिरीवरच्या एक एचपीच्या मोटरीचं नावही काढू नका. सुरू होतानाच ती कित्येक पट करंट मागते, ९०० व्हीएचा इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होतो.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट म्हणजे आपलं ऊन. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या हिशेबाने धरतात, त्यावर दर दहाएक अंशांना ते जवळपास निम्मं होतं. मे महिन्यात टिनाच्या शेडखाली ठेवलेल्या बॅटरीचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. आत, माजघराच्या गार कोपऱ्यात ठेवा, हवा खेळती राहील असं बघा. पाणी डिस्टिल्डच. बोअरचं पाणी कूलरच्या ताट्यांवर कसा पांढरा थर धरतं ते रोज दिसतंच ना?

शेवटचं, "पुढे आणखी एक जोडता येते". १२ व्होल्टच्या इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या तर २४ व्होल्ट होतात आणि इन्व्हर्टर जातो. शेजारी-शेजारी जोडल्या तर थकलेली जुनी बॅटरी नवीला रोज ओढत राहते. लिथियमची बॅटरीही जुन्या चार्जरला तशीच लावायची नाही, इन्व्हर्टरवर लिथियमची सेटिंग आहे का ते आधी बघायचं. चुलतभावाने तरीही दुसरी आणायचं काढलं होतं. त्याला म्हटलं, दादा, आधी एक आठवडा लाइन कधी येते, कधी जाते ते कॅलेंडरवर लिही. शनिवारपर्यंत लिहिलं त्याने. सात दिवसांत एकदाही सलग तेरा तास नव्हते.