'एका सुईत नवे गुडघे': एक्सोसोमच्या मेसेजला उत्तर

दादरपासून बोरिवलीपर्यंतच्या सोसायटी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: एक्सोसोम म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप. या शोधाला 2013 चं नोबेल मिळालं. स्टेम सेलपासून (म्हणजे ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशींपासून) काढलेल्या अब्जावधी एक्सोसोमची एक सुई घेतली की गुडघे, केस, मधुमेह सगळं ताळ्यावर येतं, इन्सुलिनसुद्धा सुटतं. आणि यात जिवंत पेशी नसल्यामुळे दुष्परिणाम शून्य. आमच्या इमारतीतल्या एक काकू गुडघ्यांसाठी मुदतठेव मोडायला निघाल्या आहेत. मी प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचं काम करते आणि हा विषय मला अतिशय जवळचा आहे. म्हणून गप्प बसवत नाही.

'पेशींचे निरोप' हे बरोबर आहे. एक्सोसोम म्हणजे पेशीतून बाहेर पडणाऱ्या, साधारण 30 ते 150 नॅनोमीटरच्या पिशव्या. 1983 मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या दोन गटांनी पक्व होत जाणाऱ्या तांबड्या पेशींमध्ये त्या पाहिल्या. नको असलेली प्रथिनं पेशी अशा पिशव्यांतून बाहेर टाकत होती, त्यामुळे बरीच वर्षं त्यांना कचराच समजलं गेलं. 1996 मध्ये रोगप्रतिकारक पेशींच्या एक्सोसोममुळे दुसऱ्या पेशी जाग्या होतात हे दिसलं आणि 2007 मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या गटाने त्यांच्यातून आरएनए, म्हणजे पेशीतल्या जनुकांच्या सूचना वाहून नेणारा रेणूही एका पेशीतून दुसरीत जातो हे दाखवलं.

पण निरोप कोण धाडतंय, हे मेसेज सांगत नाही. कर्करोगाच्या पेशीही एक्सोसोम सोडतात. त्या एक्सोसोमच्या पृष्ठभागावरच्या काही प्रथिनांवरून पुढची गाठ फुप्फुसात रुजणार की यकृतात, याची तयारी आधीच होते, हे 2015 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून पुढे आलं. तेव्हा 'एक्सोसोम म्हणजे चांगलंच' असं धरून चालता येत नाही.

नोबेलचं सांगायचं तर 2013 चा पुरस्कार रॉथमन, शेकमन आणि झ्यूडहॉफ यांना मिळाला तो पेशीच्या आतली पिशव्यांची वाहतूक कशी चालते, या कामासाठी. एक्सोसोमच्या उपचाराला नोबेल मिळालेलं नाही.

आता ते 'अब्जावधी'. लोक भुलतात ते या आकड्याला, म्हणून इथे जरा थांबते. एक्सोसोम वेगळे काढायची जुनी पद्धत अशी: पेशी ज्या द्रवात वाढवल्या तो द्रव आधी कमी वेगाने फिरवून पेशी आणि त्यांचे तुकडे काढून टाकायचे, मग गुरुत्वाच्या सुमारे 1,00,000 पट जोराने तासभर किंवा जास्त वेळ फिरवायचा. नळीच्या बुडाशी जे बसतं ते कित्येकदा डोळ्यांना दिसतही नाही. कुठे असेल याचा अंदाज घेऊन नळीवर आधीच पेनाने खूण करून ठेवावी लागते. आणि त्या थरात फक्त एक्सोसोम नसतात. प्रथिनांचे गोळे असतात. पेशींना खाऊ म्हणून वासराच्या रक्ताचा सीरम घातला असेल आणि तो आधी साफ केला नसेल, तर वासराचे एक्सोसोमही त्यात येतात. रक्तापासून काढले तर चरबी वाहून नेणारे कण एक्सोसोमपेक्षा कितीतरी जास्त असतात. कण मोजणारं नेहमीचं यंत्र प्रकाशात हलणारा प्रत्येक बारीक कण मोजतं, तो कसला आहे हे त्याला कळत नाही. संध्याकाळी दादरच्या पुलावरची डोकी मोजून त्यात डॉक्टर किती, हे कसं सांगणार? बाटलीवरचा आकडा हा कणांचा आकडा आहे. त्यातले एक्सोसोम किती, कुठल्या पेशींचे आणि त्यांच्यात भरलंय काय, हे त्यावरून कळत नाही. शिवाय उंदरांच्या शिरेत टोचलेले एक्सोसोम बहुतांशी काही मिनिटांतच रक्तातून नाहीसे होतात आणि मुख्यतः यकृतात नि प्लीहेत जाऊन बसतात.

'पेशी नाहीत, म्हणून धोका नाही' हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. जंतू अडवायला वापरतात त्या नेहमीच्या गाळणीची छिद्रं 220 नॅनोमीटरची असतात. त्यातून एक्सोसोम पार होतात आणि तेवढ्याच आकाराचे विषाणूही. डिसेंबर 2019 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने जाहीर इशारा दिला तो याच धंद्याबद्दल: नेब्रास्का राज्यात एक्सोसोमच्या नावाने विकलेली, मान्यता नसलेली उत्पादनं घेतलेल्या रुग्णांना गंभीर त्रास झाला होता. काकूंनी क्लिनिकमधून आणलेला खोक्याचा फोटो मी मोठा करून पाहिला. कोपऱ्यात बारीक अक्षरांत होतं, 'फक्त त्वचेवर लावण्यासाठी'. तीच बाटली गुडघ्यात टोचायची होती.

याचा अर्थ या विषयात दम नाही असा नाही. लघवीतल्या एक्सोसोममधला आरएनए वाचून कर्करोगाच्या संशयावरून प्रोस्टेट ग्रंथीची बायोप्सी, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासणी, करावी का, हे ठरवायला मदत करणारी तपासणी अमेरिकेत वापरात आहे. सुई न टोचता गाठीची खबर मिळावी, हे केवढं मोठं काम! 2011 मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने एक्सोसोममध्ये आरएनए भरून तो उंदरांच्या मेंदूपर्यंत पोहोचवला. मेंदूत औषध पोहोचवणं किती अवघड असतं, हे डॉक्टरांना विचारा. या वाटेने औषधं येतील असं मलाही वाटतं, पण ती चाचण्यांमधून यायला हवीत. म्हणून क्लिनिकमध्ये कुणी 'चाचणी चालू आहे' म्हणालं, तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीचा, म्हणजे सीटीआरआयचा क्रमांक मागा आणि घरी येऊन संकेतस्थळावर तपासा. चाचणीतल्या उपचाराचे पैसे मागत असतील, तर तिथून उठा.

राहिली इन्सुलिनची गोष्ट. टाइप 1 मधुमेहात इन्सुलिन बंद केलं तर रक्तात आम्ल साठून काही दिवसांतच, कधी त्याआधीही, जिवावर बेततं. तुमच्या ग्रुपमध्ये हा मेसेज वाचून कुणी इन्सुलिन थांबवलं असेल, तर आत्ता त्यांना फोन करा, ग्लुकोज तपासायला सांगा आणि आजच त्यांच्या डॉक्टरांशी बोलायला लावा. उलट्या होत असतील किंवा श्वास जोरात चालत असेल, तर थेट हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या.