इली तर इली, नाय तर नाय

कोकणातल्या कुठल्याही फाट्यावर उभं राहून "शेवटची गाडी येईल का हो?" असं विचारलं, की उत्तर ठरलेलं: "इली तर इली, नाय तर नाय." व्यवहार म्हणून हे बिनचूक आहे. पण हाच माणूस मुलाच्या संभाव्यतेच्या गणितापाशी बसला, की पुढची पायरी आपोआप पडते. दोनच गोष्टी होऊ शकतात, म्हणजे शक्यता निम्मी-निम्मी. ह्या न्यायाने उद्या देवगडला बर्फ पडण्याची शक्यताही १/२. पडला तर पडला, नाय तर नाय.

दहावीच्या गणित भाग १ मधलं हे पाचवं प्रकरण. भाषा साधी, आकडेमोड अपूर्णांकांपलीकडे जात नाही, आणि म्हणूनच ते छळतं. वर्गसमीकरण चुकलं तर निदान मध्येच कुठेतरी अडतं, ओरडतं. संभाव्यतेचं गणित चुकलं तरी सज्जनासारखं एक उत्तर हातात ठेवून निघून जातं.

निम्म्या-निम्म्याची चूक करणाऱ्यांनी लाजू नये. दालाम्बेर हा फ्रान्सचा नावाजलेला गणिती. १७५४ साली तिकडच्या विश्वकोशात त्याने लिहिलं, की नाणं दोनदा उडवून निदान एकदा छापा येण्याची शक्यता २/३. त्याचं म्हणणं असं: पहिल्यांदाच छापा आला तर खेळ संपला; नाही तर काटा-छापा, नाही तर काटा-काटा. एकूण तीन, त्यातल्या दोन आपल्या कामाच्या. खोट एवढीच, की ह्या तिघी एका वजनाच्या नाहीत. पहिलीचं वजन निम्मं, बाकी दोघींचं पाव-पाव. म्हणून उत्तर ३/४. सातबाऱ्यावर तीन नावं आहेत म्हणून तिघांचे हिस्से सारखे असतात असं नाही, हे कोकणी माणसाला शिकवावं लागत नाही. नाण्यापाशी आला की मात्र तो ते विसरतो.

ह्यावर माझ्या माहितीतला रामबाण उपाय म्हणजे एक नाणं पाचाचं घ्यायचं आणि एक दहाचं. मग "पाचावर छापा, दहावर काटा" आणि "पाचावर काटा, दहावर छापा" ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कोणालाही दिसतं. फाशांचंही तसंच, एक लाल, एक पांढरा. बेरीज दोन ते बारा, म्हणजे अकरा उत्तरं, म्हणून सात येण्याची शक्यता १/११ असं लिहिणाऱ्याला छत्तीस जोड्यांचा तक्ता काढायला लावावा. सात सहा ठिकाणी सापडतो, दोन एकाच कोपऱ्यात.

पत्त्यांची गणितं हा वेगळाच जाच. घरात पत्ते हातात घेतले की आजी ओरडते, आणि पुस्तक मात्र गृहीत धरतं की पोराला किलवर, इस्पिक, चौकट, बदाम, प्रत्येकी तेरा, चित्रांची बारा पानं हे सगळं मुखोद्गत आहे. माझी सूचना अशी, की सिंधुदुर्गापुरती तरी सावंतवाडीची गंजिफा लावावी. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा गोल पानं, एकूण १२०. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा. बावन्न पत्त्यांत राजा निघण्याची शक्यता १/१३, गंजिफेत १/१२. सावंतवाडीत राजा निघायला जरा जास्त वाव असणारच, संस्थान होतं ते. राणी मात्र गंजिफेत नाहीच, त्यामुळे 'अशक्य घटना' शिकवायला वेगळं उदाहरण शोधावं लागत नाही.

खरा घोळ मोजणीत होतो, आणि त्यासाठी हापूस लागतो. डझनाच्या एका बॉक्समध्ये तीन आंब्यांत साका आहे, म्हणजे आतला गर बिघडलेला. साका बाहेरून दिसत नाही, वासाने कळत नाही, कापल्यावरच कळतो. म्हणजे 'यादृच्छिक' ह्या शब्दाला ह्याहून चांगलं फळ नाही. आता दोन आंबे काढले. दोन्ही चांगले निघण्याची शक्यता किती?

एक वाट अशी: पहिला चांगला ९/१२, दुसरा चांगला ८/११, गुणाकार ७२/१३२, म्हणजे ६/११. दुसरी वाट अशी: नवातून दोन निवडायचे प्रकार ३६, बारातून दोनाचे ६६, पुन्हा ६/११. दोन्ही वाटा सुखरूप घरी पोचतात. पण परीक्षेतला विद्यार्थी अर्ध्यावर वाट बदलतो. वर क्रम धरून ७२ आणि खाली क्रम सोडून ६६. उत्तर १.०९. आंबे चांगले निघण्याची खात्री एकशे नऊ टक्के! एवढी तर आंबेवालाही देत नाही. वर क्रम मोजलात तर खालीही मोजा, नाही तर दोन्हीकडे सोडा. आणि दुसऱ्या आंब्याच्या वेळी छेदात ११ च हवेत. पहिला कापून खाल्ला, तो परत बॉक्समध्ये ठेवलेला नाही.

मांडणीची गणितं ऐकायला गोड वाटतात. इंग्रजी पुस्तकांतलं लाडकं उदाहरण म्हणजे मिसिसिपी: अकरा अक्षरं, पुनरुक्ती काढून मांडण्या ३४,६५०. तीच नदी मराठीत आली की मि-सि-सि-पी, चारच अक्षरं, सि दोनदा, मांडण्या बारा. भाषांतराने इतका वेळ वाचल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. आपल्याकडे कणकवली घ्या: पाच अक्षरं, म्हणून ५ × ४ × ३ × २ × १, म्हणजे १२०; पण क दोनदा, म्हणून १२० भागिले २, म्हणजे ६०. दोनाने का भागायचं? दोन्ही क ची अदलाबदल केली तरी पाटीवर कणकवलीच दिसते. भास्कराचार्यांनी ११५० साली ह्याहून मोठं काम काढलं होतं: शंकराचे दहा हात, दहा आयुधं, मांडण्या ३६,२८,८००. मिनिटाला एक बदलली तरी अहोरात्र २,५२० दिवस. विष्णूचं चोवीसांत भागतं.

पंगतीचं गणित जास्त उपयोगी. आठ भाऊबंद एका रांगेत जेवायला बसायचे आहेत आणि बांधावरून दोघांचं बोलणं बंद आहे. एकूण मांडण्या ४०,३२०. त्या दोघांना आधी मुद्दाम एकत्र बांधा. मग उरतात सात गठ्ठे, ५,०४० मांडण्या. गठ्ठ्याच्या आत डावा-उजवा बदलतो म्हणून दुप्पट, १०,०८०. ही दुप्पट हमखास विसरली जाते. वजा करून सोयीच्या पंगती ३०,२४०. म्हणजे डोळे मिटून बसवलंत तर दोघं शेजारी यायची शक्यता पाव. हेच आठजण जाखडीत, म्हणजे कोकणातल्या रिंगणाच्या नाचात, गोल उभे केले, तर अख्खं रिंगण फिरलं तरी शेजारी तेच राहतात, म्हणून मांडण्या फक्त ५,०४०. त्यात दोघं शेजारी १,४४०, शक्यता २/७. जाखडीत धोका जास्त. कारण रिंगणाला टोक नसतं, पंगतीला असतं, आणि टोकाच्या पानाला शेजारी एकच.

शेवटचा छळ 'निदान एक' ह्या शब्दांचा. लुडोत सहा वेळा फासा टाकला म्हणजे सहा गुणिले १/६, निदान एक सहा पडणारच, असं सगळं घर मानतं. मग सातव्यांदा टाकल्यावर शक्यता ७/६ होते त्याचं काय? एकदाही सहा न पडण्याची शक्यता काढायची, ५/६ सहा वेळा गुणून, आणि ती एकातून वजा करायची. येतात ०.६६५. साधारण तीन डावांत एकदा सोंगटी घरातच.

हापूसलाही तोच नियम. दोनांत निदान एक साक्याचा? १ वजा ६/११. पण सरळ मार्गाची हौस असणारे तुकडे पाडतात: पहिला साक्याचा, दुसरा चांगला, २७/१३२, दोन्ही साक्याचे, ६/१३२, बेरीज ३३/१३२, उत्तर पाव. पहिला चांगला आणि दुसरा साक्याचा, हे २७ बॉक्समध्येच राहिले. ते लक्षात येऊन ६०/१३२ केलं, की पोर पुस्तकाच्या मागे उत्तर बघतं. तिथे छापलंय ५/११. झालं! पुन्हा पहिल्यापासून सुरू, पुन्हा ६०/१३२, पुन्हा मागचं पान. तेवढ्यात लाईट जाते. अंधारात सगळ्या घराचं एकमत होतं, की उत्तर छापताना चुकलंय.

बाराने भागा रे कोणीतरी.